हिरमोड करणारे अल्बम आणि स्टुडिओतली कात्री

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, इंडी, म्हणजे स्वतंत्र बँडचं संगीत मन लावून ऐकतेस आणि दोन याद्या केल्या आहेस. ‘जीवाभावाचे’ या यादीत द स्ट्रोक्सचा ‘इज धिस इट’, आर्केड फायरचा ‘फ्युनरल’, द एक्सएक्सचा पहिला अल्बम, बॉन इव्हेरचा ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बिस्मिल्लाह’ आणि द लोकल ट्रेनचा ‘आलस का पेड़’. ‘हिरमोड’ या यादीत द स्ट्रोक्सचाच ‘फर्स्ट इम्प्रेशन्स ऑफ अर्थ’, आर्केड फायरचा ‘एव्हरीथिंग नाऊ’, द एक्सएक्सचा ‘कोएक्झिस्ट’, बॉन इव्हेरचा ‘२२, अ मिलियन’, क्लॅप युअर हँड्स से येचा ‘सम लाउड थंडर’ आणि प्रतीक कुहाडचा ‘द वे दॅट लव्हर्स डू’. आणि विचारतेस, की पैसा आणि मोठा स्टुडिओ हाती आला की बँड बिघडतात का, की मीच घाईने निकाल देते आहे?

मी पुण्यात स्वतंत्र बँडचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग (सुटे आवाज एकत्र बसवण्याचं काम) करतो, त्यामुळे अल्बम घडताना आत काय चालतं ते रोज बघतो. त्या अनुभवावरून सांगतो: पैशाने बँड बिघडत नाहीत. निवड ढिली पडली की अल्बम बिघडतो. पहिल्या अल्बमच्या वेळी निम्मी निवड परिस्थितीच करून टाकते. पैसे थोडे, दिवस थोडे, वाद्यं मोजकी, आणि गाणी दोन-चार वर्षं लोकांसमोर वाजवून झालेली. जे गाणं वाजवताना लोक बारकडे वळतात, ते अल्बमपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमला ही सगळी बंधनं सुटतात आणि ‘हे नको’ म्हणण्याचं काम बँडला स्वतःच्या तोंडाने करावं लागतं. ते फार अवघड असतं. स्टुडिओत सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘राहू दे की, छान वाटतंय’. एकेक करून वीस गोष्टी छान वाटतात आणि वीसही राहतात.

‘इज धिस इट’ बघ. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत निर्माता गॉर्डन राफेलने तो २००१ मध्ये ध्वनिमुद्रित केला. बँडच्या पाठीशी आरसीएसारखी बडी कंपनी होती, म्हणजे पैसा आणता आला असता. त्याआधी गिल नॉर्टन या नावाजलेल्या निर्मात्याबरोबर त्यांनी काही काम करून पाहिलंही होतं. ते फारच स्वच्छ वाटलं म्हणून बाजूला ठेवलं. मग तळघरात बसून बहुतेक गोष्टी एकत्र वाजवल्या, ट्रॅक (वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले आवाज) कमी ठेवले आणि गायक ज्युलियन कॅसाब्लँकासचा आवाज पीव्ही कंपनीच्या छोट्या प्रॅक्टिस अँपमधून काढला. तुला तो आवाज ‘टेलिफोनवरून बोलल्यासारखा’ वाटतो असं तू लिहिलंस, ते त्या अँपमुळे. त्याचा एक तांत्रिक फायदा होतो. आवाजातला खालचा भाग आणि वरची चकाकी छाटली गेल्यावर तो मधल्या एका अरुंद पट्ट्यात बसतो, आणि दोन गिटार, बेस, ड्रम या प्रत्येकाला आपापली जागा मिळते. कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. अकरा गाणी, साधारण ३६ मिनिटं, संपलं.

‘फर्स्ट इम्प्रेशन्स ऑफ अर्थ’ २००६ च्या जानेवारीत आला. सुरुवात राफेलबरोबरच झाली होती, पुढे डेव्हिड काहन हा निर्माता आला. आवाज मोठा, रुंद आणि चकचकीत झाला. गाणी चौदा, वेळ ५२ मिनिटं. आता नीट ऐक: यातली पहिली तीन-चार गाणी कमअस्सल नाहीत. ‘यू ओन्ली लिव्ह वन्स’ पहिल्या अल्बममध्ये असतं तर तू त्यावर जीव टाकला असतास. थकवा येतो तो नवव्या-दहाव्या गाण्याच्या आसपास, कारण तोवर प्रत्येक गाणं पूर्ण ताकदीने अंगावर आलेलं असतं आणि कानाला टेकायला जागा मिळालेली नसते. हा अल्बम हुकला तो लांबीत आणि क्रमात. म्हणून तो ‘वाईट’च्या खात्यात टाकू नकोस, ‘कात्री न लागलेला’ म्हण.

पण लांबी हाच दोष असं सूत्र धरून बसलीस तर आर्केड फायर ते मोडेल. ‘फ्युनरल’ २००४ चा, दहा गाणी, माँट्रियलच्या होटेल टू टँगो स्टुडिओत झालेला. त्या काळात बँडमधल्या अनेकांच्या घरी मृत्यू झाले होते, नाव त्यावरूनच आलं. नंतर त्यांच्याकडे पैसे आले. क्वेबेकमधल्या फार्नहॅम गावातलं एक चर्च विकत घेऊन त्यांनी तिथे ‘निऑन बायबल’ या दुसऱ्या अल्बमचं बरंच काम केलं, आणि २०१० मध्ये ‘द सबर्ब्स’ काढला: सोळा गाणी, तासाभराहून लांब. अमेरिकेत तो मर्ज या नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्या स्वतंत्र कंपनीनेच काढला होता आणि २०११ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तो लांब असूनही उभा राहतो, कारण गाणी एकमेकांना टेकून उभी आहेत. सुरुवातीची चाल शेवटी परत येते, एका गाण्यातली ओळ दुसऱ्यात उगवते. उपनगरात वाढलेल्या मुलांचं कंटाळवाणं, लांबलचक दुपारचं आयुष्य हाच विषय आहे, त्यामुळे लांबीला कारण आहे.

‘एव्हरीथिंग नाऊ’बाबत मात्र मी तुझ्या बाजूने आहे. २०१७ चा हा अल्बम कोलंबिया या बड्या कंपनीसाठी केला, निर्मात्यांत डाफ्ट पंकचा थॉमस बँगाल्टर, पोर्टिसहेडचा जेफ बॅरो अशी जबरदस्त माणसं. शीर्षकगीत सुरेख आहे. पण तेच तुकड्यांत अल्बमच्या आरंभी आणि शेवटी पुन्हा येतं, आणि ‘इन्फिनिट कंटेंट’ हे गाणं लागोपाठ दोनदा येतं, एकदा सुसाट आणि एकदा संथ. इंटरनेटवरच्या माऱ्याची टीका करायची म्हणून तोच मारा करून दाखवायचा, अशी ती कल्पना. कल्पना कागदावर बरी आहे. पण ‘द सबर्ब्स’मध्ये चाल परत येते तेव्हा मधल्या तासाभराने तिचा अर्थ बदललेला असतो. इथे अल्बम शेवटाकडून पुन्हा पहिल्या गाण्याकडे वळतो, तरी तेच गाणं तेच सांगत राहतं. तुझा हिरमोड रास्त आहे.

वेळेचंही तसंच. जास्त वेळ मिळाला की काम बिघडतं असं म्हणणारे द स्टोन रोझेसचा दाखला देतात. १९८९ चा त्यांचा पहिला अल्बम ब्रिटिश इंडीचा मानदंड. मग कंपनीशी कोर्टकज्जे, आणि दुसरा अल्बम ‘सेकंड कमिंग’ यायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं, त्यातली सुरुवातीची चार मिनिटं नुसती तयारी. पण त्याच काळात माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या केव्हिन शील्ड्सने एकामागून एक स्टुडिओ बदलत, क्रिएशन या कंपनीचा जीव टांगणीला लावत ‘लव्हलेस’ पुरा केला, आणि १९९१ मधल्या त्या अल्बममधून आजही कुणाला एक थर काढता येत नाही. वेळ दोघांनीही घेतला. शील्ड्सने तो नको ते गाळण्यात घालवला.

आता द एक्सएक्स. इथे एक गोष्ट आधी विचारतो: तू ‘कोएक्झिस्ट’ कशावर ऐकलास? फोनच्या स्पीकरवर ऐकला असशील तर निकाल राखून ठेव. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. फोनचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. तो वरचे स्वरांश ऐकवतो आणि खालचं मेंदूने भरून घ्यायचं. साध्या रॉक गाण्यात हे चालून जातं. द एक्सएक्समध्ये चालत नाही, कारण तिथे बेस हा तिसरा गायक आहे. रोमी मॅडली क्रॉफ्टची गिटार एक वाक्य बोलते, ऑलिव्हर सिमचा बेस त्याला उत्तर देतो, आणि मधे ताल रचणारा जेमी स्मिथ मोकळी जागा सोडतो. पहिला अल्बम केला तेव्हा ही मुलं साधारण तुझ्याच वयाची होती. एक्सएल कंपनीच्या आवारातल्या छोट्याशा जागेत काम झालं आणि जे मंचावर वाजवता येईल तेवढंच ठेवायचं असा दंडक होता. २०१० मध्ये त्याला मर्क्युरी हे ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं पारितोषिक मिळालं.

‘कोएक्झिस्ट’ (२०१२) चांगल्या हेडफोनवर ऐकला तरी माझ्या मते पहिल्याच्या खालीच राहतो, पण कारण तू दिलंस ते नाही. ‘काही घडतच नाही’ असं तू म्हणतेस. पहिल्यातही फार काही घडत नव्हतं. फरक इतकाच, की पहिल्यात शांतता दोन वाक्यांच्या मधे होती, म्हणजे पुढचं कोण बोलणार याची वाट बघत आपण ऐकायचो. दुसऱ्यात बऱ्याच ठिकाणी ते उत्तरच येत नाही, ताल खाली आपापला चालत राहतो आणि शांतता नुसती शैली होऊन बसते. ‘एंजल्स’ला हे लागू नाही. ते गाणं पहिल्या अल्बममधल्या कुठल्याही गाण्याच्या तोडीचं आहे.

बॉन इव्हेरबद्दल मात्र तुझ्याशी भांडायचं आहे. ‘२२, अ मिलियन’ त्या यादीतून काढ.

‘फॉर एमा’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: बँड फुटलेला, नातं तुटलेलं, आजारपण, जस्टिन व्हर्नन २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात जाऊन राहतो आणि नऊ गाणी घेऊन बाहेर येतो. या गोष्टीमुळे आपण तो अल्बम ‘एक माणूस, एक गिटार’ असा ऐकतो. पण कान देऊन ऐक. तिथे एक माणूस कधीच गात नाही, पाच-सहा-आठ गातात, आणि सगळे तोच असतो. साधारण कुठल्याही स्टुडिओत मिळतो असा शुअर एसएम ५७ माइक, आणि त्यापुढे तीच ओळ पुन्हापुन्हा. प्रत्येक वेळी श्वास किंचित वेगळा, सूर केसभर इकडेतिकडे. त्या केसभर फरकामुळेच आवाजाला रुंदी येते. हुबेहूब तीच टेक (एका वेळचं ध्वनिमुद्रण) दोनदा लावली तर आवाज नुसता मोठा होईल, रुंद होणार नाही. शिवाय तो आधी निरर्थक अक्षरांत चाल गाऊन घ्यायचा आणि मग स्वतःचंच गाणं ऐकून त्यातून शब्द हुडकायचा. ‘स्किनी लव्ह’चे शब्द अर्थाने नीट लागत नाहीत आणि तरी आतवर पोचतात, ते त्यामुळे.

आता दहा वर्षांनंतरच्या ‘२२, अ मिलियन’मधलं ‘७१५ क्रीक्स’ लाव. वाद्य एकही नाही, फक्त आवाज. इथेही एक माणूस अनेक जण होऊन गातो आहे. पण आता टेकवर टेक चढवलेल्या नाहीत. ध्वनितंत्रज्ञ क्रिस मेसिनाबरोबर उभारलेल्या एका यंत्रणेत व्हर्नन गातो आणि त्याच क्षणी कीबोर्डवर जे स्वर दाबेल त्या स्वरांत त्याचा आवाज फुटतो. म्हणजे त्या घरात एकट्याने रात्र-रात्र जे रचलं, ते आता गाता गाता घडतं आहे, आणि गाताना गळा दाटला तर सगळा जमाव एकदम दाटतो. तंत्र बदललं, ध्यास तोच राहिला. गाण्यांच्या नावांतले आकडे आणि चिन्हं बघून तू बिचकलीस, हे समजू शकतो. नावांकडे बघू नकोस. हा अल्बम ३४ मिनिटांचा आहे, ‘फॉर एमा’हूनही छोटा, आणि त्यात फापटपसारा जवळपास नाही. हिरमोड झाला तो तुझ्या अपेक्षेचा, अल्बममध्ये खोट नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय आत्ताच लाव. वीस-बावीसच्या वयात ती लागली तर पुढे फार उपयोगी पडते.

‘सम लाउड थंडर’बद्दल फार लिहीत नाही. पहिला अल्बम बँडने २००५ मध्ये स्वतःच काढला आणि तो तोंडोतोंडी पसरला. २००७ चा हा दुसरा, निर्माता डेव्ह फ्रिडमन. पहिलंच गाणं फाटलेल्या आवाजात आहे म्हणून तुला तुझे इअरफोन बिघडले असं वाटलं. ते मुद्दाम केलं आहे. असं फाडणं कधीकधी गाण्याला धार देतं. इथे ते गाण्याच्या तोंडावर फडकं टाकतं, असं माझं मत आहे.

आपल्याकडची गाणी. ‘आलस का पेड़’ (२०१५) इतका घट्ट का वाटतो, याचं उत्तर अल्बमच्या आधीच्या वर्षांत आहे. द लोकल ट्रेन २००८ पासून वाजवत होते. उत्तरेकडच्या कॉलेजांच्या महोत्सवांत ही गाणी तासली गेली. माझ्याकडे येणाऱ्या पुण्याच्या पोरांतही हेच दिसतं. इथे २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि स्वतःची गाणी घेऊन मोठ्या जमावापुढे उभं राहायची सोय झाली. जो बँड मंचावरून उतरून येतो, त्याला कुठलं कडवं कापायचं ते आधीच माहीत असतं. जो थेट खोलीतून लॅपटॉप घेऊन येतो, त्याच्याबरोबर बसून मला एकेक फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढावा लागतो: हा कीबोर्ड काढला, काही गेलं का? नाही. हा दुसरा गिटार काढला? नाही. हा टाळ्यांचा थर? आता गेलं. मग टाळ्या परत. असं करत गेलं की बत्तीस ट्रॅकचं गाणं अकरावर येतं आणि गायकाचे शब्द पहिल्यांदा ऐकू येतात. ‘बिस्मिल्लाह’ (२०१९) ऐकताना दिल्लीच्या या मंडळींनी हे काम स्वतःच किती चोख केलं आहे ते जाणवतं. ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आहे, वॉल्ट्झचा तीन मात्रांचा ठेका आहे, लग्नाच्या बँडची आठवण देणारे सूर आहेत, आणि तरी सूर्यकांत साहनीचा आवाज कुठेही बुडत नाही. तो त्यांचा पहिला अल्बम नव्हे, बँड तोवर जवळजवळ दहा वर्षांचा झाला होता. पुण्याच्याच ईझी वाँडरलिंग्जचा ‘अ‍ॅज रिटन इन द स्टार्स’ (२०१७) तुझ्या यादीत नाही, तो जरूर ऐक.

प्रतीक कुहाडचं प्रकरण थोडं वेगळं. २०१५ च्या ‘इन टोकन्स अँड चार्म्स’पासून २०१८ च्या ‘कोल्ड/मेस’पर्यंत त्याची ताकद एकच आहे: माइकच्या अगदी जवळ, जवळजवळ बोलल्यासारखं गाणं. ओठ सुटल्याचा आवाज ऐकू येतो इतकं जवळ. २०२२ चा ‘द वे दॅट लव्हर्स डू’ अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बेअर क्रीक स्टुडिओत निर्माता रायन हॅडलॉकबरोबर झाला आणि एलेक्ट्रा या कंपनीने काढला. ध्वनिमुद्रण उत्तम आहे, त्यात मला एकही दोष काढता येणार नाही. पण साथ रुंदावली की गायक एक पाऊल मागे जातो, आणि कुहाडच्या बाबतीत ते एक पाऊल फार महागात पडतं. त्यात तो पूर्ण इंग्रजी अल्बम. तुला त्याची हिंदी गाणी जास्त जवळची असतील तर हिरमोडाचा काही भाग तिथून आला असेल; तेवढा वजा करून एकदा ऐकून बघ.

आता तुझ्या घाईबद्दल. किती वेळा ऐकावं याचा आकडा मी देणार नाही, पण कसं ऐकावं ते सांगतो. दोन अल्बमची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी हवी. जे किंचित मोठ्याने वाजतं ते कानाला अधिक चांगलं वाटतं. एखाद्या डेसिबलच्या फरकाने भलेभले फसतात. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये आवाज समान ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेव. मग सगळं साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) या पातळीवर येतं आणि २००० नंतरच्या दशकातले आवळून-आवळून मोठे केलेले अल्बम एकदम सपाट वाटायला लागतात. आणि एक बारीक गोष्ट: अल्बम क्रमाने लावलास तर ही पातळी अख्ख्या अल्बमला मिळून ठरते, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं. शफलवर लावलास तर प्रत्येक गाणं सुटं मोजलं जातं, आणि ‘७१५ क्रीक्स’ शेजारच्या दणदणीत गाण्याइतकंच मोठ्याने येतं. मिक्स करणाऱ्याने ठेवलेला चढउतार तिथेच मोडतो. म्हणून आधी क्रमाने ऐक, मग आठवडाभर सोड, आणि परत येशील तेव्हा कुठलं गाणं न बोलावता डोक्यात वाजत होतं तेवढं लिहून ठेव.

एक काम मात्र कर. ‘फर्स्ट इम्प्रेशन्स ऑफ अर्थ’मधली चौदा गाणी घे आणि त्यातून तुझा दहा गाण्यांचा अल्बम लाव, क्रमही तूच ठरव. कुठली चार काढायची यावर जे डोकं खाशील, तेच काम स्टुडिओत आम्ही करतो. माझ्या कात्रीत ‘किलिंग लाइज’, ‘फिअर ऑफ स्लीप’, ‘१५ मिनिट्स’ आणि ‘इव्हनिंग सन’ जातील. ‘आस्क मी एनिथिंग’ तू बहुधा काढशील, कारण त्यात ना गिटार आहे ना ड्रम, फक्त मेलोट्रॉन (टेपवरचे वाद्यांचे सूर वाजवणारा जुना कीबोर्ड) आणि आवाज. ते काढू नकोस. सातव्यावरून उचलून पाचव्या जागी ठेव आणि त्यानंतर लगेच ‘हार्ट इन अ केज’ लावून बघ.